एकट्या आईची शाळा : कोलशेत ते कोसबाड

ठाणे शहरातून घोडबंदरकडे जाणारा हमरस्ता सोडून खाडीच्या दिशेने वळले म्हणजे जे कोलशेत गाव लागते, त्याची ओळख आज तिथल्या गगनचुंबी वसाहतींवरून होत असली, तरी उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव आहे. भातशेती, मासेमारी आणि खाडीतली रेती काढून बंदरावर उतरवण्याचा धंदा यांवर त्याचे पोट चालले, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या शिवारात रंगांचे आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि एकविसाव्या शतकात त्यांपैकी काहींच्या जागी सदनिकांचे मनोरे चढले. अशा एखाद्या मनोऱ्यात राहणारी आई, जिच्या घरात कमावणारे आणि सांभाळणारे माणूस ती एकटीच आहे, आपले मूल शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा निश्चय करते, तेव्हा शेजारपाजारच्या मंडळींना ते परदेशातून आलेले नवे खूळ वाटते. वस्तुतः मुलाने घरी शिकावे ही या मुलखातली फार जुनी वहिवाट आहे, आणि त्यात नवे काही असेल तर ते शिकवणारीचे एकटेपण होय. ही वहिवाट पूर्वी कोणाच्या आधारावर चालली, आणि जेव्हा एकट्या, कमावत्या स्त्रीवर तिचा भार आला तेव्हा तिने काय केले, याचा शोध घेण्यासारखा आहे. कारण त्या शोधाची वाट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातून जाते.

इंग्रजी अंमल स्थिर होण्यापूर्वी महाराष्ट्रात शिक्षणाची जी व्यवस्था होती, तीत घर कोठे संपते आणि शाळा कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. पंतोजी कोणा सुस्थित गृहस्थाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत मुले जमवी. फळीवर तांबडी धूळ पसरायची, तीवर काडीने अक्षर गिरवायचे, चुकले की तळहाताने धूळ सारखी करायची आणि तेच अक्षर पुन्हा काढायचे, ही धूळपाटीची रीत. पुढे मोडीचे वळण, मग पाढे, आणि पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची ती लांबलचक पलटण. पंतोजीचा मोबदला बहुधा धान्यात आणि शिध्यात मिळे. परंतु त्याचे काम दिवसापुरते होते. दिवेलागणीला देवापुढे बसून परवचा म्हणवून घेणारी आजी, हिशेबाची चूक काढणारा चुलता, रुमालात बांधलेले कागद सोडून त्यातली अक्षरे मुलाकडून लावून घेणारा कुलकर्णी बाप, हे सारे त्या शाळेचेच शिक्षक होते, फक्त त्यांना कोणी शिक्षक म्हणत नसे.

कोळ्या-आगऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला पंतोजीची ओसरी क्वचितच आली. त्याचे कारण जातिव्यवस्थेत होते, आणि ते झाकून ठेवून जुन्या काळाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तरीही खाडीवरच्या मुलाला घरातून जे ज्ञान मिळे ते थोडेथोडके नव्हते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असते, हे त्याला चालता-बोलता कळे. आणि तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे निघते, म्हणजे अष्टमीस सहाच्या आसपास आणि पौर्णिमेस सव्वाअकराच्या आसपास, आणि खाडीत जसजसे आत यावे तसतशी ती वेळ लांबते, हा किनाऱ्यावरचा हिशेबही त्यातलाच. ओसरीवरच्या मुलाने जी पाऊणकी घोकून पाठ केली, तीच होडीतल्या मुलाने पाण्याकडे पाहत वापरली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळीण ही ठाणे-मुंबईच्या इतिहासातली फार जुनी कमावती आई आहे. तिचा दिवस घराबाहेर जाई, क्वचित तिचा नवरा समुद्राने किंवा व्यसनाने नेलेला असे, आणि तरीही तिचे मूल उघड्यावर पडत नसे, कारण जाळे दुरुस्त करीत बसलेल्या आजाच्या आणि शेजारणीच्या नजरेखाली ते वाढत होते. घरशिक्षणाचा खरा पाया हा होता, आणि तो एका व्यक्तीच्या खांद्यावर कधीच नव्हता.

ठाणे ज्यात येते तो साष्टीचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा अंमल कायम झाला. या तिन्ही राजवटींनी जमाबंदी केली, जकाती बसवल्या, दफ्तरे राखली. पण मूल कोणापाशी शिकते याची पूसतपास त्यांनी बराच काळ केली नाही. अपवाद एक, आणि तो फार कटू आहे. पोर्तुगीजांच्या राज्यात १५५९ च्या राजाज्ञेने हिंदूंची अनाथ मुले ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करावीत असे ठरले, आणि पुढे त्या आज्ञेचा अर्थ इतका ताणला गेला की बाप वारला म्हणजे, आई जिवंत असतानाही, मूल अनाथ समजले जाई. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातील धर्मसमीक्षण-संस्थेवर लिहिताना या प्रकरणाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. एकटी स्त्री आपल्या मुलाचे शिक्षण आणि संस्कार पाहू शकते, ही गोष्टच त्या कायद्याला मान्य नव्हती. आजच्या एकट्या आईला शाळेच्या खिडकीपाशी 'वडील कुठे आहेत?' असे विचारले जाते, तेव्हा त्या प्रश्नामागे केवढा जुना अविश्वास उभा आहे, हे विचारणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

इंग्रजांनी एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत कलेक्टरांकरवी गावोगावच्या शाळांची मोजदाद करवली, ती १८२० नंतरच्या दशकात. त्या मोजदादीत ओसरीवरच्या शाळा आल्या, परंतु घरात बसून शिकणारी मुले बव्हंशी निसटली. बंगालात मात्र विल्यम ॲडम या साक्षेपी गृहस्थाने १८३५ नंतर घरोघर चौकशी केली, तेव्हा राजशाही जिल्ह्यातील नाटोर भागात शाळेत शिकणाऱ्यांपेक्षा घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी अधिक निघाली. अशी चौकशी आपल्याकडे झाली असती तर काय निष्पन्न झाले असते याचा तर्क करण्याचे कारण नाही. पण ज्या देशात मुलींना शाळाच नव्हती, तेथे जी स्त्री लिहावाचायला शिकली ती घरीच शिकली, एवढे तर निर्विवाद आहे.

त्यांपैकी एका मुलीच्या शिक्षणाचे चित्र सुदैवाने आपल्यापाशी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले, आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली जन्मलेली त्यांची धाकटी कन्या रमा हिला शिकवण्याची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. शिकवायचे ते आईने. परंतु आईच्या अंगावर सगळ्या संसाराचा भार होता, दिवसा तिला क्षणाची उसंत नव्हती. तेव्हा तिने काळ निवडला तो पहाटेचा. पाखरे जागी होण्याच्या सुमारास ती झोपेने जड झालेल्या त्या पोरीला उचलून मांडीवर घेई, लाडीगोडीने जागे करी आणि श्लोकाचा एकेक चरण तिच्याकडून म्हणवून घेई. उजाडले की पाठ संपे आणि आईची कामे सुरू होत. ही मुलगी पुढे पंडिता रमाबाई झाली, कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' म्हटले, हे सर्वश्रुतच आहे. मला त्या कीर्तीपेक्षा ती पहाट अधिक मोलाची वाटते, कारण जिला दिवस आपला नाही अशा प्रत्येक शिक्षक-आईची समस्या आणि तिची युक्ती त्या एका दृश्यात सामावलेली आहे. कोलशेतच्या सदनिकेत कचेरीच्या पहिल्या बैठकीपूर्वी, कुकरची शिट्टी होण्याच्या आत, मुलीकडून गणिताची दोन उदाहरणे सोडवून घेणारी आई लक्ष्मीबाईंच्याच पंथाची आहे.

घरचे शिक्षण म्हणजे नेहमी मांडीवरचे शिक्षण असे मात्र समजू नये. कोलशेतहून खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी हिचा जन्म झाला. नवव्या वर्षी तिचे लग्न टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळरावांच्या बदल्या होत, त्यांच्यामागे बिऱ्हाड फिरे, आणि बिऱ्हाडाबरोबर ती शाळा फिरे. नोकरी सांभाळून आपल्या कुटुंबास घरी शिकवणाऱ्या त्या पुरुषाची चिकाटी विलक्षण होती, यात शंका नाही. परंतु अभ्यासात कसूर झाली म्हणजे त्याचा हात उठे, हेही तितकेच खरे. जेथे शिक्षक आणि घरधनी एकच, तेथे विद्यार्थ्याला दाद मागायला दुसरे दार उरत नाही. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई वैद्यकीची पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, पुण्यात निवर्तल्या. तिकडे रमाबाई रानडे यांना त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे रात्री शिकवीत, तर दिवसा घरातल्याच बायका त्यांच्या विद्येची टवाळी करीत. चार भिंतींच्या आत काय चालते हे पाहणारा एखादा तरी परका, स्नेहशील डोळा असावा, असे ज्यांना वाटते त्यांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. घरशिक्षणाच्या कैवाऱ्यांनी ती मनावर घेतली पाहिजे.

पंडिता रमाबाई मात्र या इतिहासात दुसऱ्यांदा येतात, आणि आता त्या स्वतः एकट्या आई असतात. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला, १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी पटकीने वारले, आणि चोवीस वर्षांची ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. आर्य महिला समाज स्थापणे, हंटर आयोगापुढे साक्ष देणे, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा करणे, हे सारे तिने कडेवर मूल असताना केले. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. तेथे भगिनींना मराठी शिकवून आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवून त्या आपला योगक्षेम चालवीत. मायलेकींचा बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला होता, तरी मनोरमेला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत, ती कोणाच्या वळणाने वाढावी, यावरून रमाबाईंचा त्या भगिनींशी जो तीव्र पत्रव्यवहार झाला, तो आज छापून उपलब्ध आहे, आणि प्रत्येक एकट्या पालकाने तो वाचावा अशी माझी शिफारस आहे. आश्रय देणारे उपकारकर्ते होते, त्यांच्या छपराखाली मूल राहत होते, त्यांच्याच भरवशावर आईला शिकायला आणि कमवायला सवड मिळत होती. तरीही मुलीच्या मनावर कोणाचा अधिकार, या मुद्द्यावर रमाबाई तसूभर हटल्या नाहीत. दुसऱ्याच्या हाती मूल सोपवल्यावाचून एकटीचे चालत नाही, आणि सोपवले म्हणून हक्क सोडून दिला असे होत नाही, हा भेद त्यांनी ज्या स्पष्टतेने केला तो त्यानंतर क्वचितच कोणी केला असेल. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, तेव्हा ज्या घरात मनोरमा वाढत होती त्याच घरात इतर बालविधवा शिकू लागल्या. घराचा उंबरठा रुंदावला आणि त्याची शाळा झाली.

हीच गोष्ट पुढच्या पिढीत अधिक शास्त्रशुद्ध रीतीने घडली, आणि ती आपल्या जिल्ह्यात घडली. ताराबाई मोडक या मूळच्या केळकर, प्रार्थनासमाजी घराण्यातल्या, १८९२ साली मुंबईस जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही; १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदाच्या नोकरीवर रुजू झाल्या. त्या काळी पतीपासून वेगळी राहणारी, नोकरी करणारी, पदरी मूल असणारी स्त्री म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाने करून पाहावी. मानाची आणि पगाराची ती जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. गिजुभाई वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले. मुलाला धाक आणि आमिष या दोहोंपासून मुक्त करून त्याच्या स्वतःच्या गतीने शिकू द्यावे, हा मॉन्टेसोरीबाईंचा विचार ते सौराष्ट्राच्या मातीत रुजवीत होते. ताराबाईंच्या या निर्णयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की आईचे काम आणि मुलीचे शिकणे यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही. दिवसभर दुसऱ्यांची मुले शिकवावी आणि स्वतःचे मूल मोलकरणीपाशी ठेवावे, हा जो पगारदार शिक्षिकेच्या नशिबी आलेला विपर्यास, त्यातून सुटण्याची वाट त्यांना बालमंदिरात दिसली असावी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, ताराबाई त्याच्या चिटणीस झाल्या; 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे त्यांनी मराठी आईबापांना वर्षानुवर्षे हे समजावले, की मुलाचा हट्ट, त्याचे खोटे बोलणे, त्याची भीती, त्याचे जेवण हे सारे शिक्षणाचेच विषय आहेत. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. घरी शिकवणाऱ्या आजच्या मराठी आईसाठी याहून जवळची गंगोत्री नाही.

शहरी, मध्यमवर्गीय मुलांवर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या. त्याच वर्षी त्या भागात वारली आदिवासींचे वेठबिगारीविरुद्ध बंड उसळले होते, हे लक्षात घेतले म्हणजे कोणत्या भूमीत त्या पाय टाकीत होत्या ते उमगते. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, आणि पुढे शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. शिकल्यासवरलेल्या दोन स्त्रिया, दोघीही संसारसुखाला पारख्या, आणि समोर गावकुसाबाहेरची मुले, जी बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बायांनीच वस्तीत जायचे ठरवले. तिथले अंगण झाडायचे, पाणी शिंपडायचे, मुलांची तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणे, गोष्ट आणि खेळ मांडायचे. परदेशी बनावटीची महाग साधने कोठून आणणार, म्हणून गोटे, शंखशिंपले, पाने, बिया यांनीच मोजणे, लावणे, जुळवणे शिकवायचे. ही अंगणवाडी. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव घेतले, आणि आज देशाच्या प्रत्येक खेड्यात ते ठाऊक आहे.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे निराळीच अडचण पुढे आली. वारल्यांची आई भल्या पहाटे मजुरीला जाई. मागे राही ती सात-आठ वर्षांची मुलगी, कडेवर धाकटे भावंड आणि समोर चरणारी गुरे. तिला शाळेत ये म्हणणे म्हणजे तिच्या घराचा कणाच काढून घेणे. ताराबाई आणि अनुताई यांनी तिला दोष दिला नाही, तिच्या आईलाही दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एका आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली, म्हणजे कडेवरचे मूल पाळण्यात, मधले खेळात आणि थोरले पाटीशी. आणि जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागला, ती कुरणशाळा. राबणाऱ्या आईच्या दिवसाला शाळेने वळण घ्यावे, आईने शाळेच्या घंटेपुढे आपला दिवस मोडू नये, हे तत्त्व महाराष्ट्रात इतक्या धिटाईने कोणी आचरले असेल असे मला वाटत नाही. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन कोसबाड पालघर जिल्ह्यात गेले, तरी हा वारसा ठाणेकरांनी परका मानण्याचे कारण नाही.

या दरम्यान सक्तीचा कायदा आला, आणि तो आला हे इष्टच झाले. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, तो ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या ओसरीबाहेर उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी. त्या आदेशापुढे घरशिक्षणाचे कौतुक करताना जीभ जरा आवरावी लागते. १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा, १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आणि अखेरीस १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांच्या शिक्षणहक्काचा केंद्रीय कायदा, ही त्याच धाग्याची पुढची वीण. या शेवटल्या कायद्याच्या दहाव्या कलमाने मुलास शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले, परंतु न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितली नाही. अठराव्या कलमाने मात्र मान्यतेवाचून शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला. या दोन कलमांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोलशेतची आपली आई उभी आहे. एकटीने दाराआड मुलीला शिकवले तर तिला कोणी हटकत नाही. पण तिच्यासारख्याच आणखी चार जणी एकत्र येऊन आळीपाळीने मुले सांभाळू लागल्या, म्हणजे जे खाडीवरच्या कोळिणींपासून ताराबाईंपर्यंत अनेकींनी केले ते त्यांनी केले, तर ही विनापरवाना शाळा तर नव्हे, अशी शंका निघू शकते. एकटेपणाला मोकळीक आणि सहकार्याला धाक, असा हा उलटा न्याय झाला आहे.

व्यवहाराची बाजूही पाहिली पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घरोघरी एका मेजावर आईची कचेरी, दुसऱ्या कोपऱ्यात मुलाचा वर्ग, असे जे दिवस आले, त्यांनी पुष्कळ पालकांना आपण हे करू शकतो असा धीर दिला आणि तितक्याच पालकांना हे एकट्याचे काम नव्हे असा अनुभवही दिला. मुंबईची मालविका जोशी सातवीतून शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली, आणि बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे येथल्या नामांकित संस्थांची दारे बंद असताना २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने तिला घेतले. हे उदाहरण अभिमानाने सांगितले जाते, आणि सांगावेच. पण तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली होती, हे वाक्य सांगताना गाळू नये. जिच्या पगारावर घराचा हप्ता, किराणा आणि औषधपाणी चालते, तिला तो मार्ग मोकळा नाही. तिने मुलाला दहावीला खासगीरीत्या बसवण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हटले तर शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि जे मूल शाळेत गेलेच नाही त्याने तो कोठून आणायचा? मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ यांच्या दारी जायचे. पालक म्हणून सही कोणाची, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्येच आईच्या बाजूने उत्तर दिले आहे. ते खिडकीपलीकडच्या कारकुनापर्यंत पोहोचण्यास मात्र वेळ लागतो.

म्हणून माझे दोन ठिकाणी मागणे आहे. राज्याच्या शिक्षणखात्याने घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद घेण्याची एक साधी पद्धत ठरवावी, वर्षातून दोनदा एखाद्या अनुभवी शिक्षिकेने स्नेहभावाने घरी जाऊन मुलाची खुशाली आणि प्रगती पाहावी, म्हणजे आनंदीबाईंच्या वाट्याला आलेला हात कोणाच्या वाट्याला येणार नाही. आणि पाच-सहा कुटुंबांनी मिळून मुले शिकवली तर ती शाळा समजू नये, असा खुलासा करावा. दुसरे मागणे कोलशेतच्या गृहसंकुलांकडे आहे. त्यांच्या क्लबहाउसची दालने कामाच्या दिवशी सकाळभर रिकामी असतात, आणि त्यांच्या वसाहतींतून निवृत्त अभियंते, प्राध्यापक, परिचारिका, बँकेतले अधिकारी राहतात. गावठाणात भरतीची वेळ तोंडावर सांगणारी वृद्ध माणसे अजून आहेत. ठाण्यात मिठागरांचा व्यवसाय सांभाळून 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांनी सहकाऱ्यांसह १८९३ मध्ये स्थापलेले मराठी ग्रंथसंग्रहालयही आहे. संकुलाच्या समितीने आठवड्यातल्या तीन सकाळी एक दालन, दोन सतरंज्या आणि एक फळा या मुलांसाठी द्यावा, आणि ज्यांना सवड आहे त्या आजी-आजोबांनी एकेक तास द्यावा. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी कोलशेतच्या वाचकांना माझी विनंती आहे.